उंची शून्य

...आणि वर मलाच विचारतात, "पण तू लिहिलंसच कशाला?" अहो, कशाला म्हणजे? दिसलं म्हणून लिहिलं! तुम्हाला सांगतो, माणूस काही लिहिताना दिसला की लोकांना लगेच वाटतं, याच्या मनात काहीतरी डाव आहे. माझ्या मनात डाव असता तर मी नववीत शाळा सोडली असती का? तोंडी परीक्षा होती. तोंडच उघडेना. बाई म्हणाल्या, "बरं, उत्तर राहू दे, नाव तरी सांग." तेही सांगता येईना! घरी आलो तो परत गेलोच नाही. तेव्हापासून मोटारी भरतो. म्हणजे पंख्याच्या, पंपाच्या, मिक्सरच्या जळलेल्या मोटारींची जुनी तार काढायची आणि नवी गुंडाळायची. मोटार तोंडी परीक्षा घेत नाही. दुकानाचे मालक मला मौनीबाबा म्हणतात, त्यांचं ऐकून गिऱ्हाइकंही म्हणतात. मग आता हा मौनीबाबा तुमच्यासमोर एवढा घडाघडा कसा बोलतोय, असं वाटत असेल... अहो, साचलंय! चोवीस वर्षांचं साचलंय!

तर आमचं घर चौथ्या मजल्यावर. वर गच्ची, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे विमानतळाची भिंत. दिवसभर डोक्यावरून विमानं. नुसतं बघून कळतं काय? पोट दिसतं विमानाचं. कुठून आलं, कुठे चाललं, कोण आहे, काही नाही. मग मी भंगारवाल्याकडून एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्याला लावायची बोटाएवढी डबी मिळवली. ती डबी म्हणजे रेडिओच, पण तिच्यावर गाणी लागत नाहीत, विमानं लागतात. अँटेना मी स्वतः केली, दुकानात उरलेल्या तांब्याच्या तारेची, एकेक तुकडा सात सेंटिमीटरला एक मिलिमीटर कमी, मोजून, कानस मारून. गच्चीच्या कठड्याला बांधली, वायर खाली सोडली आणि बाथरूमच्या खिडकीतून आत घेतली. आई म्हणाली, "आता मी अंघोळीला बसल्यावर विमान आत येणार का रे?" म्हटलं, "आई, नुसता आवाज येतो, तोही आपल्याला ऐकू न येणारा." तर म्हणाली, "ऐकू न येणारा आवाज ऐकायला एवढी वायर?"

आईला कसं समजवायचं? विमान, तुम्हाला सांगतो, फार सज्जन असतं. ते आकाशातून सतत, दर सेकंदाला, कुणी न विचारता सांगत असतं : माझा नंबर हा, मी इथे आहे, माझी उंची एवढी, वेग एवढा, चाललोय त्या दिशेला. कुणी न विचारता! आणि माणसं? आमच्या जिन्यात कुणी भेटलं आणि "कुठे निघालात?" म्हटलं तर सांगतात, "हे काय, इथेच." इथेच म्हणजे कुठे? दिशा कुठली? परत कधी? काही पत्ता नाही! तेव्हा मी ठरवलं, जो स्वतःबद्दल खरं सांगतोय त्याचं कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, मी घरी येऊन जेवतो आणि लिहायला बसतो. वेळ, नंबर, उंची, वेग, दिशा. पाच रकाने. बस. मी फक्त नोंद करतो.

आणि एक दिवस ते दिसलं.

नंबर होता, सहा अक्षरांचा, बाकी नाव नाही, गाव नाही. उंची शून्य. म्हटलं, उतरलेलं असेल. पण उतरताना मला कसं नाही दिसलं? बरं, उडेल आता. कसलं उडतंय! वेग वीस. मग पंधरा. मग तीस. धावपट्टीच्या कडेकडेने गेलं, टोकाला वळलं, पार पलीकडच्या कोपऱ्यात गेलं आणि एक वाजून दहा मिनिटांनी थांबलं. थांबलं ते थांबलंच. तीन पंचवीसला हललं. दुसऱ्या दिवशी, एक वाजून बारा मिनिटं, तोच कोपरा, थांबलं. तीन वीसला हललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच! आणि बुधवारी? बुधवारी थांबायचं नाव नाही! दुपारभर इकडून तिकडे, तिकडून इकडे, चाळीसच्या वेगाने, पिसाळल्यासारखं. गुरुवारी पुन्हा कोपऱ्यात गप्प. मी काय करणार? विमान आहे पण उडत नाही, सहा दिवस झोपतं आणि बुधवारी अंगात येतं. संशय येणार की नाही? तुम्हाला नसता आला?

पहिला संशय मला माझ्या तारेचा आला. उतरवली, पुन्हा कानस मारली. मग डबीचा आला. मग कॉम्प्युटरचा आला, कारण तो भंगारातला, त्याच्या आयुष्यात त्याने काय काय बघितलं असेल कोण जाणे. सगळं पुसून पुन्हा बसवलं. तरी उंची शून्य! एक वाजून दहा मिनिटं! तोच कोपरा!

आता इथे ती येते. माझ्या पाच रकान्यांचे कोरे कागद मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणायचो. तिथे काउंटरवर ती बसते. दोन वर्षं मी तिच्याशी एकच वाक्य बोलत होतो, "पन्नास." ती म्हणायची, "एका बाजूने?" मी मान हलवायचो. झालं आमचं संभाषण. एक दिवस माझ्याकडून चुकून लिहिलेला कागद गेला. तिने तो उचलला, वाचला आणि म्हणाली, "अहो पन्नास, हे उंची शून्य काय आहे?"

अहो पन्नास! तिने माझं नाव पन्नास ठेवलं होतं!

मला आधी संशयच आला. मुली माझ्याशी बोलत नाहीत, त्यातून प्रश्न विचारत नाहीत, आणि त्यातून विमानाबद्दल तर नाहीच नाही. म्हणजे हिचा काहीतरी हेतू असणार. पण काय झालं काय माहीत, माझ्या तोंडाचा नळच सुटला. मी तिला तार सांगितली, कानस सांगितली, डबी सांगितली, एक वाजून दहा मिनिटं सांगितली, बुधवार सांगितला... माझ्या मागे चार माणसं आधारकार्डासारखे काहीबाही कागद घेऊन ताटकळतायत आणि मी बोलतोय! एकजण म्हणाला, "अहो, आम्हाला निघायचंय." ती त्याला म्हणाली, "थांबा हो, इथे विमान अडकलंय."

त्यानंतर ती रोज विचारायला लागली. "आज झोपलं का?" मी म्हणायचो, "एक चौदाला." ती म्हणायची, "आज उशीर झाला बिचाऱ्याला." तिने त्या विमानाचं नाव ठेवलं 'आळशी'. आम्ही दोघं मिळून संशय घेऊ लागलो. ती म्हणे, कुणीतरी त्यात लपवून ठेवलं असेल. मी म्हणे, काय? ती म्हणे, ते कळलं तर लपवलेलं कसं? ...तुम्हाला सांगतो, हे असलं बोलणं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. रात्री मला वाटायचं, आळशी एक दिवस उडून गेला तर? मग मी काउंटरवर जाऊन काय बोलू? पुन्हा पन्नास? पुन्हा आयुष्यात कुणाशी इतकं बोलायला मला आणखी चोवीस वर्षं लागतील, तोवर ती दुकानात बसणार आहे का?

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे हवालदारकाका मध्ये पडले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण संशय अजून नोकरीत आहे. गच्चीवर वाळत घातलेली पँट काढायला आले, वायर बघितली, वायरीचा माग काढत काढत थेट आमच्या बाथरूमपर्यंत! आई आतून ओरडली म्हणून थांबले. वही वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला. "हे गंभीर आहे. ठरावीक वेळ, ठरावीक जागा, बुधवार वगळून. हे विमान नाही, हा इशारा आहे."

"कुणाला?"

"ते चौकशीत निघेल. तू विमानतळाच्या मोठ्या साहेबांना अर्ज लिही. तारीखवार. सगळं."

"काका, मी फक्त नोंद करतो."

"मग अर्जात नोंद कर!"

लिहिला. दीड पान. 'सविनय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. बत्तीस दिवसांच्या वेळा घातल्या. आणि जोडायला प्रत हवी म्हणून अर्ज झेरॉक्सला नेऊन तिच्याकडे दिला. तिने वाचला. म्हणाली, "छान लिहिलाय. असं करा, मी बुधवारी आईबाबांना घेऊन तुमच्याकडे येते, तेव्हाच प्रत आणते. बाबा विमानतळावरच असतात, त्यांना विचारू. त्यांची सुट्टी बुधवारी असते. तुमच्या आई असतील ना घरी?"

आता मला सांगा, यातून माझ्यासारख्या माणसाने काय समजावं? मला वाटलं, यंत्र बघायला येतायत! मी दोन दिवस कॉम्प्युटरचा पडदा पुसत होतो. वायरींना फिती लावल्या. आईने विचारलं, "कोण येणारेय?" म्हटलं, "झेरॉक्सवाली, आणि तिचे आईवडील. यंत्र बघायला." आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे असं बघितलं... असं बघितलं... आणि म्हणाली, "अरे माझ्या यंत्रा!" आणि चादरी बदलायला पळाली.

म्हणजे मला तेव्हा कळलं. बुधवारी सकाळी! म्हणजे तोंडी परीक्षाच की ती!

बरोबर दीडला आले. तिचे वडील, काय सांगू, दारातून आधी मिशी आली, मग ते. बसले. त्यांच्या बायकोने आम्हाला पदराआडून नाही, चांगलं समोर बसून बजावलं, "यांच्याशी जरा हळू बोला हं. यांचं काम फार दगदगीचं. धावपट्टीवर पक्षी बसले की विमानाला धोका. ते पक्षी हाकलायची गाडी यांच्याकडे. भोंगा, फटाके, सगळं. यांनी हाकलल्याशिवाय विमान उतरत नाही! दुपारी जेवायलासुद्धा टेकायला मिळत नाही हो यांना. एका हातात डबा, एका हातात स्टिअरिंग. म्हणून मी डबाच दोन माणसांचा देते."

आई म्हणाली, "अगं बाई!"

वडील म्हणाले, "जबाबदारी आहे." एवढंच. आणि माझ्याकडे वळले. "काय करता?"

"मोटारी भरतो."

"शिक्षण?"

नववी म्हणायचं होतं, नुसता "न" निघाला. ती पटकन म्हणाली, "बाबा, त्यांचं यंत्र बघा ना!" वाचवलं मला. मी उठलो, पडदा त्यांच्याकडे वळवला. नकाशा, धावपट्टी, आणि तिच्यावर एक खूण सुसाट पळतेय. आळशी. बुधवार होता ना!

विमानाचा विषय निघाला की माझं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. सुरू झालो! "काका, हे बघा, हे फार संशयास्पद विमान आहे. कधी उडत नाही. सहा दिवस दुपारी एक दहा ते तीन पंचवीस एका कोपऱ्यात मेल्यासारखं पडून असतं. माझ्या मते हे बिघडलेलं आहे. टाकाऊ. भंगारातच काढायला पाहिजे, उगाच जागा अडवून बसलंय."

"भंगार?" वडील ताडकन उभे राहिले. "भंगार कुणाला म्हणतोस? मागच्या महिन्यात नवीन क्लच बसवलाय मी तिला! आणि विमान नाही ते, गाडी आहे गाडी! छपरावर डबी बसवलीय, वरच्या साहेबांना गाडी कुठे आहे ते दिसावं म्हणून. आणि आता तो बदलीवाला बघ, कशी पळवतोय, कशी पळवतोय! टायर खलास करणार नालायक! मी कधी इतकी पळवतो का?"

आणि थांबले.

बाथरूमच्या खिडकीतली वायर वाऱ्याने भिंतीवर टकटक करत होती ती ऐकू आली.

तिची आई कपातला चहा फुंकत होती. फुंकायची थांबली. हळूच म्हणाली, "म्हणजे... ही तुमची गाडी."

"गाड्या पुष्कळ असतात."

"नवीन क्लचवाली किती असतात?"

वडील बसले.

तिच्या आईने माझ्याकडे बघितलं. इतक्या प्रेमाने माझ्याकडे माझ्या आईनेसुद्धा कधी बघितलं नाही. "बाळ, तुम्ही ते लिहून ठेवता म्हणे. वही आहे?"

मी काय सांगू तुम्हाला! वडील मला डोळ्यांनी नको म्हणतायत, मिशीने नको म्हणतायत, सगळ्या चेहऱ्याने नको म्हणतायत. पण वही टेबलावरच होती! आणि तिने ती उचललीसुद्धा. म्हणजे मुलीने! वडिलांच्या मुलीने! आईशेजारी बसली, पान उघडलं, आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. "सोमवार. एक अकरा ते तीन बावीस. वेग शून्य. मंगळवार. एक दहा ते तीन पंचवीस. वेग शून्य. बुधवार, वेग चाळीस, पस्तीस, चाळीस... बाबांची सुट्टी. गुरुवार. एक बारा ते तीन तीस. शून्य."

"दोन माणसांचा डबा," तिची आई म्हणाली. "जड होत असेल."

"त्या वेळात विमानच नसतं!" वडील म्हणाले.

आता मी गप्प बसायला हवं होतं की नाही? आयुष्यभर गप्प बसलो, तेव्हा पाच मिनिटं आणखी बसलो असतो तर काय बिघडत होतं? पण मला खोटं ऐकवत नाही हो, म्हणजे आकाशाबद्दलचं. मी म्हटलं, "एक चाळीसला एक असतं. रोज उतरतं."

"मग दुपारी पक्षीही झोपतात!"

"ते माझ्याकडे लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"तू तोंड बंद ठेव!"

"त्यांना कशाला बोलता?" तिची आई म्हणाली. "ते फक्त नोंद करतात." म्हणजे माझं वाक्य! माझं वाक्य त्यांच्या तोंडात! मग त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अकरा तारीख काढ गं."

वडिलांचा रंग उडाला. त्यामागची हकिगत मला नंतर कळली. अकरा तारखेला तिच्या आईचा भाऊ नव्या घरात राहायला गेला होता. सगळे नातेवाईक जमले होते, फक्त हे नव्हते. निरोप आला होता की धावपट्टीवर घारींचा थवा उतरलाय, दोन विमानं आकाशात घिरट्या घालतायत, मी हलू शकत नाही. भावाने सगळ्या पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं होतं, आमचे मेहुणे तिकडे दोन विमानं वाचवतायत!

ती पान उलटत होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अकरा तारखेला वीज गेलेली असू दे. डबी बिघडलेली असू दे. मला ताप आलेला असू दे.

"अकरा," ती म्हणाली. आणि तिचा आवाज जरा बारीक झाला. "एक पाच ते तीन पन्नास. शून्य."

"पाच मिनिटं लवकरच," तिची आई म्हणाली.

"घारींना घाबरवायला स्थिर राहावं लागतं," वडील म्हणाले. पण त्यांनाही ते पटलेलं दिसलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण माझी आई! माझ्या आईला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं. म्हणाली, "आमच्या याचं अक्षर फार छान आहे हो. साहेबांना अर्जसुद्धा लिहिलाय याने. तो दाखव की रे."

अर्ज! तो तिच्या पर्समध्ये होता, प्रतीसकट! वडील मटकन खुर्चीत मागे टेकले. "साहेबांना? माझ्या साहेबांना? पाठवला?"

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडेच आहे."

वडिलांनी हात पुढे केला. तिच्या आईने तो हात बाजूला सारला, अर्ज घेतला, चष्मा लावून दीड पान वाचलं, शेवटच्या 'आपला विश्वासू' पर्यंत, नीट चार घड्या घातल्या आणि आपल्या पिशवीत ठेवला. वरून चेन ओढली. त्या चेनचा आवाज, तुम्हाला सांगतो, कुठल्या विमानाचा मी असा ऐकला नाही. म्हणाल्या, "हा माझ्याकडे राहू दे. आणि मुलगा मला पसंत आहे. या घरात एक तरी माणूस खरं लिहिणारा पाहिजे."

वडील म्हणाले, "मी नाही म्हणालो तर?"

त्यांनी पिशवीवर हात ठेवला.

वडील म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतोय."

झालं! तोंडी परीक्षेत पास झालो, तेही उत्तर न देता! पण जिना उतरताना वडील मागे राहिले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "ती तार उतरव." आणि त्यांची बायको दोन पायऱ्या खालून, मागे न बघता म्हणाली, "तार जरा आणखी उंच करा हं, बाळ. स्पष्ट येऊ दे. आणि आठवड्याच्या नोंदीची एक प्रत मला पाठवत जा, ही काढून आणेल."

आता सांगा. उतरवू की उंच करू? मी तिथेच ठेवली, होती तशी.

गुरुवारी दुपारी एक वाजता मी जीव मुठीत धरून पडद्यासमोर बसलो. एक दहा. थांबलं नाही! एक पंधरा. चालूच! वेग नऊ. एक वीस. नऊ! दीड वाजता फोन वाजला. होणाऱ्या सासूबाई. "फिरतायत का?"

"फिरतायत!" मी ओरडलोच. मला भरून आलं हो. म्हटलं, माझ्या वहीमुळे एक माणूस सुधारला!

शुक्रवारीही फिरले. शनिवारी फिरले. वेग नऊ. सोमवारी नऊ. मंगळवारी नऊ. आणि मंगळवारी मला ती जुनी जळजळ व्हायला लागली, संशयाची. नऊच का? कधी दहा नाही, कधी आठ नाही? पक्षी हाकलणारा माणूस कधी पळेल, कधी थांबेल, कधी वळेल. हे तर भिंतीपासून टोकापर्यंत सरळ रेघ, वळण, त्या रेघेला चिकटून दुसरी रेघ, वळण, तिसरी रेघ... वहीच्या पानासारखं! पक्षी काय रांगेत बसतात का?

मी गच्चीवर गेलो. पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा मी विमानतळाकडे डोळ्यांनी बघितलं. तिथे गवत कापायचा ट्रॅक्टर चालला होता. रांगेत. संथ. त्याच्या छपरावर पांढरी डबी चिकटवलेली, उन्हात चमकत होती. आणि पलीकडच्या कोपऱ्यात, झाडाखाली, गाडी उभी. गाडीच्या खिडकीतून दोन पाय बाहेर.

खाली आलो तर फोन वाजतोय. "फिरतायत ना?"

काय सांगायचं? मी पडद्याकडे बघितलं. नंबर तोच. उंची शून्य. वेग नऊ. माझ्या वहीतला एकेक आकडा खरा होता! म्हटलं, "नंबर फिरतोय."

"बघा," त्या म्हणाल्या, "माणसाने मनावर घ्यायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सासरे दुकानात आले. हातात टेबलफॅन. मी लावून बघितला, चांगला गरगर फिरत होता. म्हटलं, "याला काय झालंय?" म्हणाले, "काही नाही. चालतोय तसा चालू दे. काही वस्तूंना उघडून बघू नये." मग दुकानाच्या मालकांकडे बघत मला म्हणाले, "तुला इथे मौनीबाबा म्हणतात ना? चांगलं नाव आहे. टिकव." आणि फॅन उचलून गेले!

म्हणजे आता बघा माझी अवस्था. विमानं खरं बोलतात म्हणून मी वही काढली. आणि माझ्याच वहीत आता खऱ्या आकड्यांनी खोटं लिहिलं जातंय, तेही माझ्या अक्षरात! सासूबाईंना सांगावं तर त्यांची पिशवी उघडणार, अर्ज साहेबांकडे, सासऱ्यांची नोकरी गेली, लग्न गेलं. न सांगावं तर मी कोण? जिन्यात "हे काय, इथेच" म्हणणारा माणूस!

मी ठरवलं, तिला सांगायचं. ज्याच्याशी आयुष्य काढायचं त्याच्यापाशी खरं बोलायचं. शनिवारी आठवड्याचे कागद घेऊन काउंटरवर गेलो. दुकानात कुणी नव्हतं. वाक्य पाठ करून गेलो होतो. तोंड उघडलं... आणि तोंडीचंच झालं पुन्हा. शब्दच निघेना. नुसता "न".

तिने कागद घेतले. वाचायला लागली. तिचं बोट वेगाच्या रकान्यावरून खाली खाली गेलं. नऊ. नऊ. नऊ. बुधवारी चाळीस, पस्तीस. पुन्हा नऊ. नऊ. बोट थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी स्टेपलरकडे बघितलं.

"तिकडे गवत फार वाढलं होतं का हो?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "आता कमी झालंय."

तिने कागद यंत्रावर ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. तो हिरवा उजेड एकदा इकडून तिकडे गेला. प्रत बाहेर आली, ती तिने हाताने सारखी केली, वरती स्वच्छ अक्षरात लिहिलं 'आईसाठी', आणि मला म्हणाली, "बरं आलंय. पुढच्या आठवड्यात मध्येमध्ये आठ-दहा असू दे, सांगा बाबांना."

लग्नाची तारीख पुढच्या महिन्यातली छापलीय. छापू दे. तुम्हाला सांगतो, लग्न झालं ते त्या दुपारीच, झेरॉक्सच्या दुकानात.